अव्वाच्या नावाचं पाणी

सोलापूर,
१८ एप्रिल

तम्मा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच टाकून देणार नाहीस, एवढं धरून लिहितो. माझा फोन तू उचलत नाहीस. मेसेज पोचला की नाही, वाचला की नाही, हे निळ्या खुणांवरून ताडत बसायचा मला कंटाळा आहे. टपालाचं बरं असतं. पेटीत टाकलं की आपलं काम संपलं.

आम्ही बरे आहोत, तुझ्या वहिनीचे गुडघे सोडले तर. मी रोज दुकानात जातो. मोटारपंपांत आता पूर्वीसारखी मजा राहिली नाही, पण पाणी शुद्ध करायची मशीनं उन्हाळ्यात धडाधड खपतात. सात रस्ता चौकात दुपारी कुत्रंसुद्धा उभं राहत नाही असं ऊन आहे. तुमच्या हुबळीत निदान वारं तरी असेल.

सोबत वर्तमानपत्राचं कात्रण आहे. खाली नाव नसतं तरी लेख माझा हे तू ओळखलं असतंस. आपल्या घरामागच्या वस्तीत काविळीची साथ आलीय. घराआड एक माणूस पिवळं पडलंय. लगेच नेहमीची ओरड सुरू झाली, की श्रीमंतांना चांगलं पाणी आणि गरिबांना घाण. मी एवढंच विचारलं, की बाबांनो, टाकी एक, पाइप एक, आणि पाच दिवसांनी येतं ते दोघांनाही. मग पुढच्या बंगल्यांत एक माणूस आजारी नाही आणि मागे घराआड एक, हे कसं? पाणी काय पत्ता विचारून आत शिरतं? दोष राहणीचा आहे. गरिबी वेगळी आणि घाण वेगळी, असं मी लिहिलं आणि संपादकांनी तेच मथळ्याला घेतलं. दोन दिवस लोक रस्त्यात थांबवून अभिनंदन करत होते.

आता आमच्या नागरिक मंचाने जाहीर सभाच ठेवली आहे, पुढच्या महिन्याच्या अठराला. विषय दिलाय ‘गरिबी, श्रीमंती आणि शहराचं आरोग्य’. महापालिकेचे आरोग्य अधिकारी येणार आहेत. वस्ती तिथून उठवून शहराबाहेर हलवावी, असा ठराव आहे आणि तो मी मांडायचाय. तू ऐकायला हवा होतास. लहानपणी वक्तृत्व स्पर्धेत माझा नंबर आला की तूच सगळ्यात जोरात टाळ्या वाजवायचास.

अव्वाची पाणपोई यंदाही शिवरात्रीला सुरू केली. गेटाबाहेर तीन रांजण, वर ओलं गोणपाट, साखळीला पेला. आपल्या विहिरीचं पाणी, दुसऱ्या कुणाचं नाही. वस्तीतल्या बायका तर घागरी घेऊन येतात, मी कुणाला अडवत नाही. पाटीवर ‘कै. शांतम्मा पाणपोई’, खाली माझं नाव आणि त्याखाली तुझं. तुझं खाली आलं म्हणून तू रुसलास, असं मी नातेवाइकांना सांगतो. आणखी काय सांगणार? चार वर्षं झाली आता, सोड की.

दुपारी मी जरा आडवा होतो, तेव्हा साखळीचा पेला रांजणावर आपटल्याचा आवाज येतो. खिडकीतून पाहिलं तर कुणी नसतं. उन्हात लोखंड वाजत असेल.

तुझा,
प्रभुलिंग अण्णा

सोलापूर,
१ मे

तम्मा,

उत्तर नाही. ठीक आहे. काल बसवजयंती झाली. पाणपोईला हार घातला, पाटी पुसून घेतली.

मंचाने सांगितलं होतं, की ठराव मांडणाऱ्याने एकदा वस्ती प्रत्यक्ष बघून यावी, फोटो काढावेत. म्हणून परवा गेलो. आपल्या मागच्या भिंतीपलीकडे आहे, पण इतक्या वर्षांत मी तिथे पाय ठेवला नव्हता. मिळायचे ते फोटो मिळाले. आपल्या भिंतीला लागून जे गटार जातं ते फुटलेलं आहे, त्यात डुकरं लोळतात. नळाला लावलेले प्लास्टिकचे पाइप गटारातूनच गेलेत. मला हवं होतं ते सगळं फोनमध्ये आलं.

मग नागूबाईने हाक मारली. तुला ती आठवणार नाही. स्टेशनवर धोंडिराम हमाल होता ना, त्याची बायको. तो गेला, ही टॉवेलच्या कारखान्यात कडा शिवायला जाते. तिचं घर पत्र्याचं, पण इतकं सारवलेलं, की मी चपला कुठे काढू म्हणून चाचपडलो. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली मातीचा माठ, त्यावर पांढरं फडकं, बाजूला लांब दांड्याचं ओगराळं. माठात हात बुडायला नको म्हणून. बाजेवर तिची मुलगी झोपली होती. बुद्धप्रिया नाव. सांगोल्याला दिलेली, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय. सातवा संपत आलाय. तिने माझ्याकडे पाहिलं तेव्हा डोळ्यांचं पांढरं हळदीसारखं दिसलं.

नागूबाई म्हणाली, “बसा की अण्णा. पानी देते.”

“नको, आत्ताच प्यालोय.”

“अवं, परकं न्हाय, तुमच्याच हिरीचं हाय. पोरगी आल्यापासनं नळाचं थेंबभर दिलं न्हाय तिला. पाच पाच दिस साठवल्यालं पानी दोन जिवांच्या बाईला कसं द्यायचं? म्हनून रोज कारखान्यातनं येताना पानपोईची घागर भरून आणते.”

मग तिने मला अव्वाची गोष्ट सांगितली. मलाच. ती नवी नवरी होऊन ह्या वस्तीत आली तेव्हा एकदा दुपारी चालत येताना आपल्या दारात थांबली. पाणी मागायला घाबरत होती, आपण कोण, हे घर कुणाचं, असं मनात. “तुमच्या आईनं पेला भरला, माज्यादेखत आदी सोता प्याल्या, मग तोच भरून माज्या हातात दिला. मला म्हनल्या, आता पी, काय भ्या न्हाय. तवापासनं त्या हिरीचं पानी म्हंजी आमाला आईचं दूध हाय.”

आठवतं ना तुला? रांजण भरला की पहिला पेला घरच्याने प्यायचा, मग तो रस्त्यावरच्यांना. आपण शाळेत जाताना ती कन्नडमध्ये ओरडायची, ‘मोदल नी कुडि.’ आधी तू पी. तू मुद्दाम चूळ भरून पळायचास आणि मार खायचास.

मी पाणी घेतलं नाही. तहान नव्हती. घराचा फोटोही काढला नाही, काढण्यासारखं तिथे काही नव्हतं. भाषण निम्मं लिहून झालंय. तू डॉक्टर आहेस म्हणून विचारतो, गरोदर बाईला कावीळ झाली तर जरा जास्त काळजी घ्यावी लागते का?

प्रभुलिंग अण्णा

सोलापूर,
११ मे

तम्मा,

तुझा फोन तुझ्या वहिनीला आला तेव्हा मी शेजारच्याच खुर्चीत बसलो होतो. ती ‘हो, हो’ म्हणत माझ्याकडे बघत होती, त्यावरून कळलं. चार वर्षांनी ह्या घरात तुझा आवाज आला आणि तू माझ्याशी बोलला नाहीस. फोन ठेवल्यावर श्रीदेवी म्हणाली, “भाऊजींनी दोनच गोष्टी विचारल्या. पाणपोईला कुठलं पाणी घालता? आणि ते घरात कोण पितं?”

मी विचारलं, “मग तू काय सांगितलंस?”

“खरं ते सांगितलं. घरात कोण पीत नाही म्हटलं.”

तुझा निरोप तिने दिला. पाणपोई आत्ता बंद करा, पाणी तपासायला पाठवा, आणि त्या मुलीला ताबडतोब मोठ्या दवाखान्यात हलवा. मी चप्पल घालून निघालो होतो, तम्मा, खरंच निघालो होतो. भिंतीपाशी पोचलो तर पलीकडून बायकांचं रडणं ऐकू आलं. सकाळीच तिला सरकारी दवाखान्यात नेली होती. ती शुद्धीवर नव्हती. पोटातलं आधी गेलं, मग ती गेली.

मी तिथूनच परत फिरलो.

आता मागच्या पत्रातलं एक सांगतो. मला तहान नव्हती हे खोटं आहे. ऊन मी म्हणत होतं, जीभ टाळूला चिकटली होती. नागूबाईने पेला पुढे केला, तेव्हा माझा हात आपोआप मागे गेला. मनात आलं, हे विहिरीचं आहे, हे आपण पीत नाही. एवढंच मनात आलं. त्याच्या पुढचं काही मनात आलं नाही. तिथेच बाजेवर ती पिवळी पोरगी तेच पाणी पिऊन पडली होती आणि मला दिसलं नाही. मी माझ्या पिशवीतली बाटली काढून बाहेर गल्लीत उभा राहून प्यालो.

पाणपोई बंद केली. रांजण उपडे घातले. ‘सफाईसाठी बंद’ असा पुठ्ठा लावला. बाटलीत पाणी भरून तपासणीला दिलंय.

रांजण उपडे आहेत, पेला साखळीसकट काढून स्वयंपाकघरात ठेवलाय. तरी दुपारी आवाज येतो. आज मी उठून गेटापर्यंत गेलो. रस्ता नुसता पांढरा दिसत होता, माणूस नाही. रांजणाच्या आडोशाला इरकलीचा पदर दिसला. हिरवा, लाल काठाचा. अव्वाला माती देताना आपण नेसवलं होतं तेच लुगडं. मी अव्वा म्हणून हाक मारली. जवळ गेलो तर गोणपाट वाळत घातलेलं. गोणपाट हिरवं नसतं, हे मलाही कळतं.

प्रभुलिंग

सोलापूर,
१७ मे

तम्मा,

तपासणीचा कागद आला. पिण्यास अयोग्य. पाण्यात मैला आहे. भिंतीलगतचं फुटलेलं गटार विहिरीत पाझरतंय. ज्याचे मी फोटो काढून आणले तेच गटार. आपल्याकडच्या बाजूने मी कधी पाहिलंच नव्हतं, कारण विहिरीकडे आता जातं कोण? मोटार लावायची, रांजण भरायचे, बंद करायची.

आज सकाळी नागूबाई गेटाशी आली होती. लेकीला जाळून आठवडा नाही झाला. डोक्यावर रिकामी घागर. म्हणाली, “अण्णा, पानपोई कवा चालू करताय? वस्तीत लोक म्हन्त्यात, आमच्या आजाराला भिऊन तुमी बंद केली. आमचा हात लागल म्हनून. मी भांडले त्यांच्यासंगट. म्हनलं, ते घर तसलं न्हाय.”

मी काहीतरी बोललो. रांजणाला चीर गेलीय, असं काहीतरी.

“आमच्याकडं दोन घागरी हाईत अजून. जपून वापरतोय. शेजारच्या काशम्माची सून बी गरवार हाय, तिला देते त्यातलं रोज तांब्याभर. आमच्या पोरीवानी नगं व्हायला तिचं.”

तम्मा, मी तिच्यासमोर उभा होतो आणि तोंड उघडलं नाही. ती पाठमोरी झाली, गेली. रिकामी घागर तिने डोक्यावरच ठेवली होती. मग मी आत येऊन विहिरीवर गेलो, पोहरा सोडला, पेला भरला आणि उभ्या उभ्या प्यालो. गार आहे अजून. लहानपणी लागायचं तसंच लागलं. कानाशी अगदी स्पष्ट ‘मोदल नी कुडि’ ऐकू आलं आणि मी दुसरा पेला भरला. तेवढ्यात श्रीदेवी आली आणि तिने माझ्या हातावर फटका मारून तो उडवला. तुझी वहिनी अक्कलकोटची, तिला राग आला की ती अहोजाहो विसरत नाही पण दुसरं काही राखत नाही.

म्हणाली, “आता पिऊन काय दाखवता? आणि कुणाला दाखवता? तुम्ही पेलाभर प्यालात म्हणून ती पोर उठून बसते का? पलीकडं घागरी भरून ठेवल्यात लोकांनी. एक गरवार बाई पितीय. जा, सांगा जाऊन!”

“उद्या सभा आहे. सभेत सांगतो.”

“म्हणजे उद्यापर्यंत तिने प्यायचं होय? सभेसाठी?”

मी उठलो नाही. गुडघे तिचे दुखतात आणि चालत गेली ती. काशम्माच्या घरी जाऊन सांगून आली, की पाणी पिऊ नका, उकळलेलंसुद्धा नको, कारण विचारू नका, मी माझ्या घरचा फिल्टरचा कॅन पाठवते. नागूबाई कामावर होती, तिच्या घराला कुलूप.

मी का उठलो नाही ते तुला माहीत आहे. जगात फक्त तुला माहीत आहे. अव्वाची किडनी बिघडली तेव्हा तू हुबळीहून येऊन हे पाणी तपासायला लावलंस, जड आहे म्हणालास, घरात मशीन बसवायला लावलंस. आणि अव्वाने दुसऱ्या दिवशी काय केलं? स्वतः काठी टेकत बाहेर गेली आणि रांजण उपडे घातले. आपण पीत नाही ते दुसऱ्याला ओतायचं नाही, म्हणाली. ती होती तोवर पाणपोई पुन्हा लागली नाही. ती गेल्यावर मी लावली. तिच्याच नावाने, नगरसेवकाला बोलावून, फोटो काढून. आणि तू नावावरून रुसला नव्हतास. तू फोनवर म्हणालास, ‘अण्णा, तिने बंद केलेली तू तिच्याच नावाने उघडतोयस.’ मी फोन आपटला.

मला वाटलं होतं, जडच तर आहे, विष थोडंच आहे. लोकांना तहान असते. नसण्यापेक्षा बरं. लोकांसाठी नसण्यापेक्षा बरं ते पुरेसं, असं मला तेव्हा अगदी खरं वाटत होतं.

उद्या बोललो तर लोक म्हणतील, शांतम्माच्या पाण्याने माणसं मेली. मी मेलो तरी चालेल. पण पाटीवर तिचं नाव आहे.

अण्णा

सोलापूर,
२० मे

तम्मा,

सभा झाली. सगळं क्रमाने सांगतो, कारण पेपरात नीट आलेलं नाही.

सभागृह भरलं होतं. पुढे आपली माणसं, मागे उभी वस्ती. टेबलावर प्रत्येकापुढे पाण्याची बंद बाटली. एक प्राध्यापक बोलले, आकडेवारी होती. एका डॉक्टरांनी हात धुवायचं महत्त्व सांगितलं. मागून यशपाल म्हणून तरुण उठला, बुद्धप्रियाचा धाकटा भाऊ. तो म्हणाला, “पाच दिसांनी अर्धा तास पानी देता, आनि हात धुवा म्हन्ता? कशानं धुवू?” पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, मोबाइल रिचार्ज करायला बरे पैसे असतात. हशा झाला. महिन्याभरापूर्वी तो विनोद मी केला असता.

मग नागूबाई उठली. माइक तिच्यापर्यंत पोचत नव्हता, तरी ऐकू आलं. म्हणाली, “आमाला घाण म्हनू नका. माजी पोरगी गेली. तिला मी नळाचं पानी दिलंच न्हाय. अण्णांच्या हिरीचं दिलं, त्यांच्या आईच्या पानपोईचं. फडक्यानं गाळून दिलं. आनि काय करायचं असतं आईनं? इचारा अण्णांना, ते हाईत हितं. ते खोटं बोलायचे न्हाईत.”

अध्यक्ष माझ्याकडे वळले आणि कौतुकाने म्हणाले, बघा, म्हणजे वस्तीला इतकं चांगलं पाणी फुकट मिळत होतं, तरीही साथ आली. याचा अर्थ दोष पाण्यात नाही, हे सिद्धच झालं. आणि अशी पाणपोई चालवणाऱ्या घराला टाळ्या द्यायला हव्यात. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तम्मा. अव्वाचं नाव घेऊन वाजवल्या. मागची वस्तीही वाजवत होती. नागूबाईसुद्धा. त्या टाळ्यांत मला पेला ऐकू येत होता, रांजणावर आपटत, थांबतच नव्हता.

मी उठलो. भाषण खिशात होतं. मी म्हणालो, “आमच्या घरात ते पाणी कुणी पीत नाही.”

कुणाला समजलं नाही. अध्यक्ष हसून म्हणाले, म्हणजे? मी पुन्हा म्हणालो. विहिरीत गटार पाझरतंय, तपासणीचा कागद माझ्याजवळ आहे. एकाच टाकीचं पाणी पिऊन वस्तीच का आजारी, असं मी पेपरात विचारलं होतं. उत्तर माझ्या दारात होतं. वस्ती आणखी एक पाणी प्याली, माझं. घागरींत उरलं असेल ते आत्ताच्या आत्ता ओतून टाका.

शिव्या येतील असं वाटलं होतं. यशपाल दोन पावलं पुढे आलाही, पण नागूबाईने त्याचा दंड धरला. तिने एकच विचारलं.

“कवापासनं पीत न्हाई?”

“अव्वा आजारी पडली तेव्हापासून.”

“म्हंजी पाटी लावायच्या आदीपासनं.”

“हो.”

“आनि त्या दिशी मी पेला दिला, तुमी नगं म्हनला.”

“हो.”

“तवा माजी पोरगी जिती व्हती.” ती एवढं बोलली आणि मग खाली बसली. मी सांगितलं, की अव्वाने हे पाणी बंद केलं होतं, मी उघडलं, तिच्याकडे बोट दाखवू नका. ते कुणी ऐकलं की नाही मला माहीत नाही. लोक उठून चालले होते. ठराव मांडायचा राहिला. अधिकारी म्हणाले, वस्तीचं काय ते नंतर बघू, आधी गटार.

मी चालत घरी आलो. संध्याकाळ व्हायची होती, ऊन अजून तापत होतं. गेटाशी वस्तीतल्या बायका उभ्या होत्या, घागरी, कळशा, बादल्या घेऊन. मला वाटलं, दगड येईल. एकेक बाई पुढे आली, अव्वाच्या पाटीखाली भांडं उपडं केलं आणि मागे झाली. नागूबाई शेवटची आली. तिने दोन्ही घागरी ओतल्या, सावकाश, थेंब संपेपर्यंत. ह्या गावात पाच दिवसांनी पाणी येतं, तम्मा. नळाला पाणी यायचा वार परवाचा होता. तरी बायका भरलेल्या घागरी ओतून रिकामी भांडी घेऊन घरी गेल्या. पाणी उतारावरून आपल्याच गेटात शिरलं. श्रीदेवी उंबऱ्यावर उभी होती. तिने ते झाडून बाहेर काढलं नाही, मलाही काढू दिलं नाही.

अण्णा

सोलापूर,
५ जून

तम्मा,

गटार फोडून नवीन पाइप टाकायचं काम सुरू झालंय. तोवर वस्तीला टँकर येतो. काशम्माची सून अजून तरी ठीक आहे. मी मंचाचा राजीनामा दिला, त्यांनीही तो न वाचता घेतला. दुकानात गिऱ्हाईक कमी झालंय, त्याचं मला वाईट वाटत नाही. तुझी वहिनी रोज सकाळी मला अंगणात उजेडाला उभं करून डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघते. अजून पांढरे आहेत म्हणते. तू फोनवर तिला किती दिवस बघायला सांगितलंयस ते ती मला सांगत नाही.

विहीर बुजवायची ठरवली. कागदोपत्री तिच्यावर तुझंही नाव आहे, तेव्हा तुला विचारल्याशिवाय माती टाकणार नाही. पाटी मी उतरवून घेतली, पण कुठे ठेवावी कळत नाही. देवघरात ठेवता येत नाही आणि अडगळीत टाकवत नाही. सध्या पलंगाखाली आहे.

नागूबाई कारखान्यात जाताना रोज आपल्या गेटावरून जाते. पूर्वी नमस्कार करायची. आता रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेने जाते. एकदा मी हाक मारली. ती थांबली, वळली नाही. मी पुढे काय म्हणणार होतो ते मलाच माहीत नव्हतं. जरा वाट बघून ती चालू लागली.

आणि पेला वाजत नाही आता. सभेच्या दिवसापासून एकदाही नाही. लोकांना वाटेल, खरं बोललो म्हणून सुटलो. तसं नाही ते. मी दुपारी झोपत नाही, गेटाशी खुर्ची टाकून बसतो, रांजण होते तिथे बघत. ऊन असतं, रस्ता असतो. अव्वा रागावून येत होती तम्मा, पण येत होती. आता तीही पलीकडच्या कडेने जाते असं वाटतं.

तू ये. अव्वाच्या सांगण्यावरून ये, माझ्या नको. घरचं पाणी प्यायचं नसेल तर बाटली घेऊन ये.

अण्णा